"तुला हवं तर आण" म्हणजे होकार नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला ४ वर्षं झाली. तुम्हाला लहानपणापासून कुत्रा हवा होता, नवऱ्याला नको आहे. गेली २ वर्षं हा विषय निघतो आणि अर्धवट सुटतो. आता एका ब्रीडरकडे तुम्ही पिल्लू बघून आलात. येत्या शनिवारी ते ८ आठवड्यांचं होईल. त्याचे फोटो दाखवले तेव्हा नवरा म्हणाला, "तुला हवं तर आण, पण माझ्याकडून कसलीही अपेक्षा ठेवू नकोस." तुम्ही विचारताय, हा होकार धरून पिल्लू आणू का, आणि एकदा घरात आलं की त्यालाही लळा लागेल ना?

या शनिवारी आणू नका. कधीच आणू नका असं मी म्हणत नाही. कदाचित ६ महिन्यांनी आणाल, कदाचित वर्षानं. पण या एका वाक्यावर विसंबून आणू नका. का, ते सांगते, जरा लांबेल.

मी २४ वर्षं पशुवैद्य म्हणून काम करतेय आणि माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेक कुत्रीच असतात. सुरुवातीची काही वर्षं हा प्रश्न कुणी विचारला की मी बेधडक सांगायचे, "आणा हो, एकदा पायात घुटमळायला लागलं की कुणाचंही मन वळतं." पुष्कळ घरांत तसं होतंही. पिल्लाला हात न लावणारा माणूस वर्षभरानं त्याला पोटावर झोपवून पेपर वाचताना मी पाहिलाय. पण अशा गोष्टी लोक कौतुकानं सांगत फिरतात. जिथे तसं झालं नाही ती घरं गप्प असतात, आणि मग एक दिवस दवाखान्यात येऊन हळू आवाजात विचारतात, "डॉक्टर, याला कुठे चांगलं घर मिळेल का?"

असंच एक पिल्लू माझ्या चांगलं लक्षात आहे. साडेचार महिन्यांचं होतं, शेवटची लस राहून गेली होती म्हणून एक गृहस्थ त्याला घेऊन आले. एरवी त्यांची बायको यायची. त्या दिवशी तिला काम निघालं होतं. पिल्लाचा पिंजरा त्यांनी अंगापासून लांब, हात ताणून धरला होता. नवीन कार्ड करायचं होतं म्हणून मी मालकाचं नाव विचारलं. "तिचं लिहा. कुत्रा तिचा आहे." पिल्लाला मी टेबलावर घेतलं. माझ्या हाताशी ते लगेच आलं, बोटं चाटली, शेपूट हलवली. तेवढ्यात त्या गृहस्थांनी खिशातून फोन काढायला हात उचलला, आणि पिल्लू जागच्या जागी चपटं झालं. पोट टेबलाला टेकलेलं, कान मागे, शेपूट आत, आणि खाली शूचं एक छोटंसं थारोळं. मी विचारलं, मारता का? ते दुखावले. "मी त्याला हातसुद्धा लावत नाही हो." ते खरं बोलत होते असं मला आजही वाटतं. मार नव्हताच. रात्री भुंकलं की वैतागून ओरडणं होतं, त्याला ओलांडून तरातरा जाणं होतं, धाडकन लावलेली दारं होती. पिल्लाला त्या माणसाचा अर्थ लागला होता.

अडीच महिन्यांनी ती बाई आली. डोळे सुजलेले. कुत्र्याला दुसरं घर शोधायचं होतं. मला जास्त लागलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे: पिल्लू आणण्याआधी तिनं मला विचारलं होतं, आणि मीच म्हणाले होते, "आणा हो, लळा लागतो." तेव्हापासून मी तसं सांगणं सोडलं.

यामागचं कारणही समजून घ्या. पिल्लाच्या आयुष्यात साधारण ३ ते १२-१४ आठवड्यांचा काळ असा असतो, की जगात काय भरवशाचं आणि काय धोक्याचं हे त्याच्या मनात तेव्हा पक्कं बसतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांच्या वाढीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ साली ते सविस्तर मांडलं. पिल्लाचं वेळापत्रक आम्ही आजही बऱ्याच अंशी त्याच पायावर आखतो. तुम्ही पिल्लू ८व्या आठवड्यात आणणार, म्हणजे त्यातले उरलेले ४ ते ६ आठवडे तुमच्या घरात जाणार. त्यातही ८ ते १० आठवड्यांच्या सुमारास पुष्कळ पिल्लं विशेष घाबरी असतात. एखाद्या जोराच्या आवाजाची भीती तेव्हा बसली तर लवकर निघत नाही. या दिवसांत घरातल्या २ माणसांपैकी एक त्याच्याकडे पाठ फिरवून असेल, किंवा त्याच्यावरून २ माणसांत रोज शब्दाला शब्द लागत असेल, तर ते सगळं पिल्लाच्या शिकण्यात जमा होतं. नंतर कितीही लळा लागला तरी ते आठवडे परत मिळत नाहीत.

आता तुमच्या नवऱ्याच्या वाक्याकडे येते. "तुला हवं तर आण." २ वर्षं हाच विषय ऐकून माणूस दमला की असं बोलतो. त्याला वाद संपवायचाय. त्यानं तुम्हाला परवानगी दिली, पण स्वतःला त्यातून काढूनही घेतलं. आणि एका घरात राहून कुत्र्यातून असं अंग काढून घेता येत नाही.

त्यानं खरोखर एका कामाला हात लावला नाही, तरी त्याच्या वाट्याला काय येईल ते बघा. पहिल्या २-४ रात्री पिल्लू रडणार. आई आणि भावंडं एका दिवसात सुटलेली असतात, ते रडायलाच हवं. पिल्लू किती वेळ शू धरू शकतं याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयाचे महिने अधिक १, इतके तास, आणि तीही वरची मर्यादा समजायची. म्हणजे २ महिन्यांचं पिल्लू फार तर ३ तास. रात्रीत निदान २ वेळा दिवा लागणार, दार उघडणार, पावलं वाजणार. दिवसाचे १८-२० तास पिल्लू झोपतं हे खरं, पण तुकड्यातुकड्यांनी; प्रत्येक झोपेनंतर, खाण्यानंतर, खेळण्यानंतर बाहेर न्यावं लागतं आणि तरीही घरात शू होतेच. पूर्ण भरवसा यायला बऱ्याचदा वयाचे ५-६ महिने उलटतात. तोंडात सुईसारखे २८ दुधाचे दात असतात, ते पडून ४२ पक्के दात येईपर्यंत, म्हणजे ६-७ महिन्यांपर्यंत, चपला, वायर, टेबलाचे पाय आणि माणसांचे घोटे यांत त्याला फरक कळत नाही. यातलं बरंचसं नवऱ्याच्याही घोट्याला, झोपेला आणि चपलांना लागणार आहे. म्हणून "तुला काही करावं लागणार नाही, सगळं मी बघेन" हे वचन त्याला देऊ नका. तुम्ही कितीही मनापासून दिलंत तरी पहिल्याच आठवड्यात ते मोडेल, आणि मोडलेलं वचन त्याच्या चांगलं लक्षात राहील.

दुसरी बाजू तुमची आहे, तिचा विचार सहसा कुणी करत नाही. पिल्लू आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ज्यांनी हौसेनं आणलं तीच माणसं माझ्यासमोर बसून रडतात. झोप नाही, घराबाहेर पडता येत नाही, आपण चूक केली असं वाटतं, आणि इतक्या गोड जिवाबद्दल असं वाटतंय म्हणून अपराधी वाटतं ते वेगळंच. त्याला पपी ब्लूज म्हणतात. २०२४ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या अवस्थेचे ३ धागे त्यांनी वेगळे काढलेत: चिंता, वैताग आणि थकवा. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ओसरतं. पण त्या दिवसांत पहाटे ४ वाजता कुणीतरी "तू झोप, आता मी बघतो" म्हणणारं लागतं. तुमच्या घरात दुसरं मोठं माणूस एकच आहे, आणि त्यानं आधीच सांगून ठेवलंय की माझ्याकडून अपेक्षा नको. त्या पहाटे तुम्ही त्याच्यावर चिडाल. तो म्हणेल, मी सांगितलं होतं. दोघंही खरं बोलत असाल.

मग करायचं काय? आधी त्याच्या "नको"मध्ये काय आहे ते शोधा. २ वर्षांत तुम्ही त्याला कुत्रा का हवा हे शंभर वेळा सांगितलं असेल. त्याला का नको हे किती वेळा नीट ऐकलं? उलटं उत्तर न देता?

एक उदाहरण सांगते. एक जोडपं माझ्याकडे सल्ल्याला आलं होतं. तिला हवा, त्याला नको, अगदी तुमच्यासारखं. तो खुर्चीत हाताची घडी घालून बसलेला. कारणं सांगत होता: केस, वास, फिरायला जाता येणार नाही. सगळी खरी, पण पाठ केल्यासारखी. मी सहज विचारलं, "तुमच्या घरी कधी कुत्रा होता का?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, होता. तो ९ वर्षांचा असताना, एके दिवशी शाळेतून घरी आला तेव्हा कुत्रा घरात नव्हता. घरच्यांनी कुणाला तरी देऊन टाकला होता. "दारामागे खिळ्याला त्याचा पट्टा तसाच लटकत होता," म्हणाला. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला ७ वर्षं होऊन तिला हे माहीत नव्हतं. या माणसाला कुत्रा नको नव्हता, कुत्रा जाणं नको होतं. त्यांनी पुढे वर्षभर काहीच केलं नाही, आणि नंतर ६ वर्षांची एक शांत कुत्री दत्तक घेतली. तिचं कार्ड त्याच्या नावावर आहे.

प्रत्येक "नको"च्या पोटात अशी गोष्ट नसते, हेही लगेच सांगते. काहींना कुत्रा आवडतच नाही. त्यात दोष नाही आणि औषधही नाही. एखाद्याला घर शांत, स्वच्छ, आपल्या मर्जीनं कुलूप लावून निघता येईल असं हवं असतं, आणि ती इच्छा तुमच्या इच्छेइतकीच रास्त आहे. हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण कुत्री आवडणारे आपण लोक, न आवडणाऱ्यांना नकळत कोरड्या मनाचे ठरवतो. माझा अनुभव तसा नाही. कुत्रा नको म्हणणाऱ्या कितीतरी जणांना तो काय जबाबदारी आहे हे हवा म्हणणाऱ्यापेक्षा जास्त नीट कळलेलं असतं.

भीती असेल तर ती वेगळी गोष्ट. मोठी माणसं, विशेषतः पुरुष, भीती वाटते असं सरळ सांगत नाहीत. "कटकट नको" म्हणतात. कुत्रा समोरून आला की तो रस्ता बदलतो का, हात खिशात घालतो का, मित्रांकडे कुत्रा असेल तर खुर्चीत आखडून बसतो का, हे आठवून बघा. भीती घालवायची पद्धत आहे, आणि ती जुनी, तपासलेली आहे. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५८ साली ती मांडली. लांबून सुरुवात करायची, मन शांत राहील इतकंच अंतर कमी करायचं, घाई करायची नाही. यासाठी पट्ट्यातला एक शांत, पोक्त कुत्रा आणि मोकळं मैदान लागतं. पिल्लू यासाठी अगदी चुकीचं. पिल्लू अंगावर उडी मारतं, चावतं, कधी काय करेल याचा नेम नसतो. घाबरणाऱ्या माणसाला नेमकं तेच सोसत नाही. भीती फार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

अ‍ॅलर्जी असेल तर तर्क लढवत बसू नका, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, दम्याचा त्रास असेल तर नक्कीच. लोकांना वाटतं अ‍ॅलर्जी केसांची असते आणि कमी केस गळणारी जात आणली की झालं. तसं नाही. त्रास देणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात, आणि ती सगळ्याच जातींत असतात. 'अ‍ॅलर्जी न होणारी जात' म्हणून जी कुत्री विकली जातात, त्यांच्या अंगावर किंवा घरात ही प्रथिनं कमी आढळतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. कुत्रा असलेल्या एखाद्या घरी ३-४ वेळा जाऊन दोन-दोन तास बसून बघा. एकदा त्रास झाला नाही म्हणजे कधीच होणार नाही असं समजू नका.

उरली नेहमीची कारणं: खर्च, केस, प्रवास, आणि "शेवटी सगळं माझ्यावर पडेल". यातलं शेवटचं कारण तो देत असेल तर रागावण्याआधी जरा आठवा. तुम्ही हौसेनं सुरू केलेली आणि नंतर त्याच्या गळ्यात पडलेली एखादी गोष्ट घरात आहे का? असेल तर तो कुत्र्याबद्दल बोलतच नाहीये.

हे बोलणं काढायचं ते रात्री दमून झोपायच्या वेळी नको, आणि पिल्लाचा फोटो समोर धरून तर नकोच. चालताना किंवा गाडीत बोललात तर बरं, समोरासमोर बघावं लागत नाही. एवढंच विचारा: "कुत्रा घरात आला असं धरलंस, तर तुला सगळ्यात नकोसं काय वाटतं?" आणि मग गप्प बसा. तो जे सांगेल त्यावर उपाय सुचवू नका, त्या दिवशी तरी नाही. "अरे, पण त्याला ट्रेनिंग देता येतं" छापाचं काहीही नको. दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी आणखी एक विचारा: "आत्ता नको आहे, की कधीच नको आहे?" या दोन उत्तरांचे रस्ते अगदी वेगळे आहेत, आणि पुष्कळ जोडप्यांनी ते कधी विचारलेलंच नसतं.

"आत्ता नको" असेल, तर तुमच्या हातात करण्यासारखं एक काम आहे. ३ आठवडे कुत्रा नसताना कुत्र्याची दिनचर्या पाळा. रोज सकाळी ६ ला बाहेर पडून अर्धा तास चाला, संध्याकाळी पुन्हा, पाऊस असला तरी. पहिले १० दिवस रात्री अडीचला गजर लावून उठा, ५ मिनिटं दाराबाहेर उभं राहून या. दुपारी घर ३ तासांपेक्षा जास्त रिकामं राहणार असेल तर कोण येणार ते रोज ठरवा. कुत्र्यावर होईल तेवढा खर्च दर महिन्याला बाजूला टाका: खाणं, औषधं, आणि लसी, ज्या सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी, वयाचे १६ आठवडे होईपर्यंत द्याव्या लागतात. हे त्याला दाखवायला करू नका. तुमचं तुम्हालाच कळेल की हवं ते कुत्र्याबरोबरचं आयुष्य आहे, की ते फोटोतलं पिल्लू. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी हे केलं त्यांतल्या काहींनी दुसऱ्याच आठवड्यात मला फोन करून सांगितलं की आम्ही थांबतोय. बाकीच्यांच्या घरात मात्र नको म्हणणारा जोडीदार पहिल्यांदा बसून ऐकायला लागला. त्याला व्हिडिओ बघायचे नसतात. अडीचच्या गजराला तुम्ही ८व्या रात्रीही उठताय का, ते बघायचं असतं.

यानंतर पिल्लूच हवं का, हा प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्यासारख्या घरात मी नेहमी मोठा कुत्रा सुचवते, ३ वर्षांच्या पुढचा. दात आलेले, वाढ पूर्ण, स्वभाव समोर दिसतो. पिल्लाबद्दल कुणीही सांगितलं की हे मोठं होऊन शांत निघेल, तर तो अंदाज असतो. मोठ्या कुत्र्याला तुमचा नवरा भेटू शकतो, त्याच्याबरोबर २ तास घालवू शकतो, हा नको म्हणू शकतो. बेघर कुत्री सांभाळणाऱ्या एखाद्या संस्थेकडून कुत्रा काही आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता, सांभाळता येत असेल तर आणखी चांगलं, कारण त्यात मुदत आधीच ठरलेली असते आणि तो कुत्रा परत जाणं हा कुणाचा पराभव नसतो. पिल्लाच्या बाबतीत मात्र "३ महिने बघू, नाही जमलं तर देऊन टाकू" हा करार करू नका. ते ३ महिने म्हणजे त्याचं सगळ्यात कोवळं वय. आणि खरी परीक्षा तर त्यानंतर असते: ६ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो, शिकलेलं विसरल्यासारखं वागतो, ताकद मोठ्या कुत्र्याची आणि डोकं पिल्लाचं. घर बदलायला माझ्याकडे येणारी बहुतेक कुत्री याच वयाची असतात.

आणि उद्या तो खरंच हो म्हणाला, तर? तर घराचे नियम त्यालाच ठरवू द्या. ज्याला कुत्रा नको होता त्याची सोय आधी. पलंगावर नाही म्हणाला तर पलंगावर नाही, तो गावाला गेला असला तरीही नाही. कुत्र्याला "आज हो, उद्या नाही" कळत नाही, आणि नवऱ्याला ते केस बघून कळतंच. एक खोली अशी ठेवा की तिथे कुत्रा कधीच जाणार नाही, दाराला लहान मुलांसाठी असतं तसं फाटक लावा. पिल्लाला त्याच्या मांडीवर नेऊन ठेवू नका. तो खुर्चीत वाचत बसलेला असताना पिल्लू आपणहून येऊन पायाशी झोपतं, तेव्हा खोलीतून तुम्ही निघून जा. या एका गोष्टीनं जेवढं साधतं तेवढं १० वेळा "अरे, हात तर लाव" म्हणून साधत नाही.

एक बाब मात्र त्याच्या मर्जीवर सोडू नका: मारायचं नाही, ओरडायचं नाही, शू केली म्हणून तोंड त्यात घासायचं नाही. शिस्तीचा तो जुना समज पुष्कळांच्या मनात पक्का आहे. "त्याला कळतं त्यानं काय केलंय, बघ कसं तोंड केलंय," असं लोक म्हणतात. कुत्र्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं. कुत्र्यानं चूक केली होती की नव्हती याचा त्या अपराधी चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा येत होता. उलट ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा जास्त अपराधी दिसला. माझ्या टेबलावर चपट्या झालेल्या त्या पिल्लाचा चेहरा तोच होता. हे दोघांनी पिल्लू यायच्या आधी मान्य करायचं. नवरा म्हणाला की मला राग आवरणार नाही, तर तो प्रामाणिकपणा समजा, आणि कुत्रा आणू नका.

"कधीच नको" हे उत्तर आलं, तर तेही मला टाळायचं नाही. मग तुम्हाला ठरवावं लागेल, आणि ते सोपं नाही. मध्यम आकाराचा कुत्रा १२-१३ वर्षं जगतो, लहान चणीचा त्याहून जास्त. इतकी वर्षं एका माणसाच्या मनाविरुद्ध त्याच्या घरात त्या जिवाला ठेवणं मला पटत नाही, आणि कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणते. पण तुमची इच्छा म्हणजे पोरखेळ आहे असंही कुणी म्हणू नये. लहानपणापासून मनात धरलेली गोष्ट सोडून द्यायची तर दुःख होणारच, आणि ते नवऱ्याला सांगा. धमकी म्हणून नाही, आणि त्यानं मत बदलावं म्हणूनही नाही. तुमचं काय सुटतंय हे त्याला माहीत असावं. घरात कुत्रा नसला तरी आयुष्यात कुत्री असू शकतात. संस्थांना फिरवायला, अंघोळी घालायला, नव्या कुत्र्यांना माणसाची सवय लावायला हात कायम कमी पडतात. माझ्या ओळखीतल्या एक बाई ११ वर्षं दर रविवारी हेच करतात. त्यांच्या घरी कुत्रा नाही. संस्थेच्या फाटकाशी त्यांची गाडी थांबली की आतला गोंधळ मला पुढच्या खोलीत ऐकू येतो.

आता शनिवारचं. ब्रीडरला आजच फोन करा आणि पिल्लू घेत नाही म्हणून स्पष्ट सांगा. "बघते, कळवते" असं सांगून अडवून ठेवू नका. दिलेली आगाऊ रक्कम गेली तर जाऊ द्या. त्या पिल्लालाही १२-१४ आठवडे भरायच्या आत कायमच्या घरी पोचायचंय, आणि तुमच्या फोनमुळे त्याला त्यातला एक आठवडा जास्त मिळतो. नवऱ्याला सांगताना "तुझ्यामुळे सोडलं" असं म्हणू नका. "ते पिल्लू आणत नाहीये, पण तुला का नको आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही, ते ऐकायचंय" एवढं म्हणा. काय म्हणाला ते जमलं तर मला कळवा. भीती किंवा अ‍ॅलर्जी निघाली तर पुढे कसं जायचं ते सविस्तर लिहीन.